आडव्या पासचा टोनी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जर्मन फुटबॉलपटू टोनी क्रूसच्या निवृत्तीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. 'मस्त', 'छान लिहिलंय' यांच्या रांगेत कुणीतरी बाह्या सरसावून भांडायला आलं याचं बरंच वाटलं. मागाहून येणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो: क्रूस जन्मभर आडवे पास देत राहिला, त्याची अचूक पासांची टक्केवारी त्यामुळेच फुगली, रेआल माद्रिदमध्ये पळापळ त्याचा साथीदार कॅसेमिरोने केली, जादू मॉड्रिचने, आणि खरी वेळ आली तेव्हा, २०१२च्या फायनलमध्ये, हा पेनल्टी मारायला पुढे आलाच नाही. थोडक्यात, 'एकेरी धावा काढून सरासरी सांभाळणारा फलंदाज'. खरा जर्मन मिडफिल्डर म्हणजे बलाक.

पेनल्टीचं सगळं खरं आहे. १९ मे २०१२, म्युनिक, क्रूसच्या तेव्हाच्या क्लबच्या, बायर्नच्या, घरच्याच मैदानावर चेल्सीविरुद्धची चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा) फायनल. प्रशिक्षक हाइन्केस यांनी विचारल्यावर बावीस वर्षांचा क्रूस नको म्हणाला, आणि गोलकीपर नॉयरला पेनल्टी मारावी लागली. याची वकिली मी करणार नाही. मात्र ८३व्या मिनिटाला म्युलरने डोक्याने मारलेल्या गोलचा चेंडू डावीकडून क्रूसनेच टाकला होता, हेही त्याच सामन्यातलं.

आणि तो वेळेला लपतो असं म्हणायचं असेल तर २३ जून २०१८च्या सोचीचं काय करायचं? विश्वचषक, समोर स्वीडन. स्वीडनने आधी गोल केला तोच मुळी क्रूसच्या चुकलेल्या पासवर. पुढे रॉयसने बरोबरी साधली, बोआटेंग लाल कार्ड खाऊन बाहेर गेला, जादा वेळही संपत आला. तेवढ्यात पेनल्टी बॉक्सच्या डाव्या कडेला फ्री किक मिळाली. अशा जागेवरून बहुतेक जण चेंडू गर्दीत टाकतात आणि देवाचं नाव घेतात. क्रूसने तो बाजूला रॉयसकडे हलकेच सरकवला, रॉयसने पायाखाली थांबवला, कोन जरासा उघडला आणि क्रूसने चेंडू वळवून पलीकडच्या खांबाच्या आत घातला. ९५वं मिनिट. पुढच्या सामन्यात कोरियाकडून मार खाऊन जर्मनी घरी गेली, ती गोष्ट वेगळी. पण या गोलची सुरुवात कशाने झाली बघा: वीतभर लांबीच्या आडव्या पासने.

आता मूळ मुद्दा. जर्मनीतही त्याला 'क्वेरपास-टोनी', म्हणजे आडव्या पासवाला टोनी, म्हणून हिणवायचे, तेव्हा तुम्ही एकटे नाही. २०२१च्या युरोत इंग्लंडने जर्मनीला घरी पाठवल्यावर बायर्नच्या उली होनेस यांनी टीव्हीवर जाहीर केलं होतं की आजच्या फुटबॉलमध्ये क्रूसच्या खेळाला जागाच उरलेली नाही. त्यानंतर या जागा नसलेल्या माणसाने २०२२ आणि २०२४ अशा दोन चॅम्पियन्स लीग जिंकल्या. आधीच्या चार धरून सहा.

त्याचे पास मोजण्याआधी तो उभा कुठे राहायचा ते बघा. चेंडू रेआल माद्रिदकडे असला की क्रूस मधली जागा सोडून खाली डावीकडे यायचा, डावा सेंटर बॅक (मधला बचावपटू) आणि लेफ्ट बॅक (डाव्या कडेचा बचावपटू) यांच्या मधल्या फटीत. त्यामुळे लेफ्ट बॅक मार्सेलो, पुढे मेंडी, वर जायला मोकळे. आणि समोरच्या संघाची पंचाईत. त्याला दाबायला त्यांचा उजवीकडचा माणूस पुढे आला, तर त्याच्या पाठीमागे डावीकडून आक्रमण करणाऱ्या विनिशियसला रान मोकळं. नाही आला, तर क्रूस मान वर करून, घाई न करता, मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, उजव्या कडेच्या कार्वाहालच्या पायात चेंडू टाकणार. डावीकडे, मागे, पुन्हा डावीकडे हा जो कंटाळवाणा प्रकार तुम्हाला टीव्हीवर दिसतो, तो समोरचा कधी एकदा जागा सोडतोय याची वाट बघणं असतं.

एप्रिल २०२४मधली चॅम्पियन्स लीगची बायर्नविरुद्धची सेमीफायनल, दोनपैकी पहिला सामना, २४वं मिनिट. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती, तेव्हा झोपला असाल तर क्लिप शोधा. चेंडू क्रूसकडे, मैदानाच्या मध्यावर. विनिशियस चेंडू मागायला खाली येतो, त्याच्या मागोमाग बायर्नचा किम मिन-जे. किमची जागा रिकामी झालेली क्रूसला दिसते आणि तो चक्क हाताने विनिशियसला तिकडे बोट दाखवतो: तिथे पळ. विनिशियस वळतो, पास सरळ बचावाच्या मधून जातो, गोल. हा आडवा होता? बरं, त्याच वर्षी मार्चमध्ये, तीन वर्षांनी जर्मनीच्या संघात परतल्यावर, लियाँमध्ये फ्रान्सविरुद्ध किक-ऑफवरच त्याने लांब चेंडू थेट सहकारी वर्ट्झकडे मारला आणि सातव्या सेकंदाला गोल पडला.

म्हणूनच तुमची क्रिकेटची उपमा मला जुळत नाही. एकेरी धाव निदान फलकावर लागते. क्रूसच्या आडव्या पासने फलकावर काहीही लागत नाही, समोरचे लोक तेवढे जागचे हलतात. सरासरी सांभाळायचा उद्योग म्हणावा तर फारच आतबट्ट्याचा.

कॅसेमिरोचं श्रेय कुणीच नाकारत नाही. पण तो ऑगस्ट २०२२मध्ये मँचेस्टर युनायटेडला गेला. १ जून २०२४ला वेम्बलीत डॉर्टमुंडविरुद्धच्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये माद्रिदच्या सुरुवातीच्या अकरात कॅसेमिरो नव्हता आणि मॉड्रिच बाकावर होता. पहिल्या हाफमध्ये डॉर्टमुंडने माद्रिदची पुरती फे फे उडवली होती, तेही सांगतो. ७४व्या मिनिटाला क्रूसचा कॉर्नर, कार्वाहालचं डोकं, १-०. मॉड्रिच आला तो शेवटी शेवटी, क्रूसच्याच जागी.

पळापळ आणि बचावाबद्दल मात्र तुमचं बरंचसं बरोबर आहे. तोंड आपल्या गोलकडे करून धावायची वेळ आली की क्रूस संपला, असं शेवटच्या काही वर्षांत दिसायचं. २०२३मध्ये मँचेस्टर सिटीने माद्रिदला ४-०ने लोळवलं त्या रात्री सगळं मधलं मैदान त्याच्या डोळ्यांदेखत वाहून गेलं. आणि युरो २०२४मध्ये स्पेनविरुद्ध सुरुवातीलाच त्याने त्यांच्या पेद्रीला ज्या पद्धतीने आडवं केलं, त्याला कार्ड मिळायलाच हवं होतं. पेद्री आठव्या मिनिटाला बाहेर गेला. क्रूसने नंतर माफी मागितली, पण कारकिर्दीतला शेवटचा सामना म्हणून तोच नोंदला गेलाय.

राहता राहिला बलाक. २००२च्या विश्वचषकाच्या सेमीफायनलमध्ये सोलला कोरियाविरुद्ध ७१व्या मिनिटाला पिवळं कार्ड खाऊन, म्हणजे फायनल हुकणार हे ठाऊक असताना, चारच मिनिटांत विजयी गोल करणारा माणूस मलाही प्रिय आहे. २००८ला मॉस्कोतल्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये त्याने चेल्सीसाठी पहिलीच पेनल्टी आत घातली, आणि तरी चषक हुकलाच. या बाबतीत तुम्ही क्रूसच्या अंगावर बलाक सोडलात ते झोंबलं, कबूल.

बलाकवर लिहा अशी तुमची मागणी आहे, तर लिहिणार. सोलचा तो सामना आधी पुन्हा अख्खा बघतो. त्या लेखाखाली क्रूसचा कुणी भक्त सहा चॅम्पियन्स लीग घेऊन भांडायला आला, तर त्याला उत्तर तुम्ही द्यायचं.