उभ्या गाडीचा हिशेब

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतील आमच्या ट्रक वाहतुकीच्या कार्यालयात प्रत्येक गाडीची एक वेगळी वही आहे. वडिलांनी घालून दिलेली ही पद्धत संगणक आल्यावरही मी मोडलेली नाही. तारखेपुढे दोनच शब्दांपैकी एक लिहायचा असतो, 'चालू' किंवा 'उभी'. काल बारा टायरच्या एका गाडीची गेल्या महिन्याची वही चाळत होतो. तीस दिवसांपैकी तेरा दिवसांपुढे 'उभी' असे लिहिलेले होते. गाडी नादुरुस्त नव्हती, ड्रायव्हर रजेवर नव्हता आणि भाडेही मिळत होते. ते तेरा दिवस ती कोणाच्या ना कोणाच्या गेटबाहेर, कधी माल भरण्यासाठी तर कधी खाली करण्यासाठी, थांबलेली होती.

देशातील मालवाहतुकीचे भवितव्य हा विषय निघाला की बोलणे रस्त्यांवर येते. समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर जून २०२५ मध्ये पूर्ण झाले, वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली, आणि ही कामे मोठी आहेत हे मी नाकारत नाही. खंबाटकीचा घाट रात्री दोन वाजता पहिल्या गिअरमध्ये चढणाऱ्या माणसाला चांगल्या रस्त्याचे मोल कोणी समजावून सांगायला नको. परंतु माझे मत असे झाले आहे की, या धंद्याचे पुढील वीस वर्षांचे चित्र महामार्गावर नव्हे, तर कारखान्याच्या, बाजार समितीच्या आणि गोदामाच्या गेटवर ठरणार आहे. गाडी किती वेगाने धावते हा प्रश्न आपण बऱ्याच अंशी सोडवत आणला. ती किती वेळ उभी राहते आणि त्या उभ्या वेळेचे पैसे कोण भरते, या प्रश्नाला मात्र कोणी हात घातलेला नाही.

ई-वे बिलाचा, म्हणजे मालाबरोबर बाळगायच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचा, नियम पाहा. एप्रिल २०१८ मध्ये आंतरराज्य मालासाठी हे बिल लागू झाले, तेव्हा त्याची मुदत दर १०० किलोमीटरला एक दिवस होती. जानेवारी २०२१ पासून ती २०० किलोमीटरला एक दिवस अशी करण्यात आली. म्हणजे धाव दुप्पट होईल असे सरकारने गृहीत धरले, आणि रस्त्यापुरते ते गृहीतक योग्यही आहे, कारण शिरोलीतून संध्याकाळी निघालेली गाडी पहाटे पुण्याच्या पलीकडे पोहोचते. परंतु शनिवारी पहाटे पोहोचलेल्या गाडीला गेटवरच्या माणसाने 'सोमवारी या' असे सांगितले, तर बिलाची मुदत त्या गेटबाहेरच संपते. मुदत वाढवून घेण्याची सोय आहे, पण त्यासाठी संपण्याच्या आधीचे आणि नंतरचे आठ-आठ तास एवढीच खिडकी मिळते, आणि ती रविवारच्या रात्रीवर आली तर कोणीतरी जागे राहावे लागते. ती चुकली आणि गाडी पुढे तपासणीत सापडली, तर दंड कराच्या दुप्पट. दिरंगाई माल घेणाऱ्याची आणि झोप मोडायची आमची, असा हा व्यवहार आहे.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. लहानपणी वडिलांबरोबर मुंबईला गेलो होतो, तेव्हा जकात नाक्यावरच्या रांगेत अख्खी रात्र काढलेली मला आठवते. गाडीखाली ताडपत्री अंथरून आम्ही झोपलो होतो आणि क्लीनर दर तासाला उठून गाडी चार हात पुढे घेत होता. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि टोलनाक्यावरची सुट्या पैशांची हुज्जत संपली. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रकवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, हेही चांगलेच झाले. सरकारच्या हातात असलेले थांबे अशा रीतीने कमी होत गेले, आणि जे उरले ते खासगी गेटवरचे आहेत.

त्या गेटवर नेमके काय होते, ते बाहेरच्या वाचकासाठी थोडे सविस्तर सांगतो. आमचे एक जुने ड्रायव्हर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, गेल्या महिन्यात बिडाचे सुटे भाग घेऊन एका मोठ्या कारखान्यात गेले. पहाटे साडेपाच वाजता गेटवर त्यांनी बिल्टी, म्हणजे मालाची वाहतूक-पावती, दिली. आतल्या गोदामात जागा नाही असे उत्तर मिळाले. खरे पाहता आमची गाडी हेच त्या दिवशी त्या कारखान्याचे गोदाम होते. लागेल तेवढाच माल आत घ्यायचा, साठा ठेवायचा नाही, ही आधुनिक पद्धत मोठ्या कौतुकाने शिकवली जाते. पण जो साठा आत ठेवायचा नाही तो बाहेर रस्त्यावर आमच्या चाकांवर उभा राहतो, आणि त्याचे भाडे कोणी देत नाही. मामांचा नंबर दुसऱ्या दिवशी दुपारी लागला. त्या गेटबाहेर शौचालय नव्हते, प्यायचे पाणी नव्हते, आणि केबिन सोडून लांब जावे तर डिझेलच्या टाकीची काळजी. मामांचे वय अठ्ठावन्न आहे. फोनवर ते मला एवढेच म्हणाले, "मालक, गाडी चालवायचा कंटाळा नाही, बसून राहायचा येतो."

बाजार समितीत याच्याच जोडीला वाराई येते. माल व्यापाऱ्याचा, तो उतरवून घेणाराही व्यापारीच, पण उतरवण्याच्या मजुरीपैकी काही रक्कम ड्रायव्हरने मोजायची, अशी ही पद्धत आहे. 'ज्याचा माल, त्याचा हमाल' ही घोषणा महाराष्ट्रातील वाहतूकदार वर्षानुवर्षे देत आले आहेत. हमालांशी माझे भांडण नाही. त्यांच्या पाठीवरच्या ओझ्याला १९६९ च्या माथाडी कायद्याने जे संरक्षण दिले ते योग्यच होते; माझा प्रश्न एवढाच आहे की, ती मजुरी ज्याने द्यायला हवी त्याने ती ट्रकवाल्याच्या खिशात कशी सरकवली.

आता एक तुलना करतो, जी मला या संपूर्ण विषयाची किल्ली वाटते. रेल्वेचा वॅगन ठरलेल्या वेळेत रिकामा केला नाही तर रेल्वे डेमरेज नावाचा विलंब-आकार लावते, आणि माल फलाटावर पडून राहिला तर व्हार्फेज लावते. जहाज कंपनीचा कंटेनर मुदतीनंतर परत केला तर तिचे डिटेन्शन सुरू होते, आणि तेही डॉलरमध्ये. बंदर जागेचे भाडे घेते, गोदाम दिवसाचे भाडे घेते. या साखळीतील जवळजवळ प्रत्येक वस्तूच्या थांबण्याला किंमत आहे, अपवाद फक्त ट्रकचा आणि त्यात बसलेल्या माणसाचा. करारात 'हाल्टिंग' (गाडी थांबल्याचे पैसे) नावाचा रकाना असतो, परंतु त्याचे बिल पाठवले की पुढच्या महिन्यात गाड्या कमी मागवल्या जातात, हे प्रत्येक ट्रान्सपोर्टरला पाठ आहे. जी गोष्ट फुकट मिळते ती कोणी जपून वापरत नाही. आमचा वेळ फुकट आहे, म्हणून गेटवर नियोजन करण्याची गरज कोणाला वाटत नाही.

आम्ही तो वेळ फुकट का देतो, याचे उत्तर धंद्याच्या रचनेत आहे. या देशातील बहुसंख्य ट्रकमालकांकडे पाचपेक्षा कमी गाड्या आहेत, आणि पुष्कळांकडे एकच, जी मालक स्वतः चालवतो. त्याच्या आणि माल पाठवणाऱ्याच्या मध्ये ट्रान्सपोर्टर असतो, मग ब्रोकर असतो (आमच्या आजोबांच्या काळी त्याला हुंडेकरी म्हणत, आणि त्या शब्दाला थोडी जास्त प्रतिष्ठा होती). डिझेल रोखीने भरायचे, टोल आधीच कापला जाणार, हप्ता दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला जाणार, आणि भाडे मात्र साठ किंवा नव्वद दिवसांनी येणार. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यावेत असा कायदा आहे, आणि २०२४ पासून त्याला आयकराचाही बडगा जोडला आहे. पण जो माणूस हाल्टिंग मागायला धजत नाही, तो कायद्याचे कलम दाखवायला कसा धजेल?

त्यात जुलै २०१८ मध्ये केंद्राने वाहनांच्या भारक्षमतेची मर्यादा वाढवली. दहा टायरच्या गाडीचे एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेले. हेतू चांगला होता, कारण जे ओव्हरलोड चोरून चालत होते त्यातील काही कायदेशीर झाले. परिणाम मात्र असा झाला की, एकही नवी गाडी रस्त्यावर न येता देशाची वाहून नेण्याची क्षमता एका रात्रीत वाढली, आणि पुढच्या वर्षी मागणी मंदावली तेव्हा भाडी कोसळली. त्या वर्षी आम्ही दोन गाड्या विकल्या. तेव्हापासून मी एक धडा घेतला आहे की, कार्यक्षमता वाढली या बातमीचा अर्थ आमची कमाई वाढली असा कधीच आपोआप लावायचा नाही.

रेल्वेचे काय, असे कोणी विचारील. दिल्लीजवळच्या दादरीपासून जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंतची १५०६ किलोमीटरची पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गिका, जिच्यावर विजेच्या तारेखालून एकावर एक दोन कंटेनर ठेवलेली गाडी धावते, ही माझ्या मते या देशातील गेल्या काही दशकांतील सर्वांत महत्त्वाची वाहतूक योजना आहे. लांब पल्ल्याचा कंटेनर, सिमेंट, पोलाद यांनी रेल्वेनेच जावे. ट्रकमालक असूनही मी हे म्हणतो, कारण दीड हजार किलोमीटर डिझेल जाळत नेण्यात आम्हालाही फारसे काही उरत नाही. राष्ट्रीय रेल्वे योजनेत मालवाहतुकीतील रेल्वेचा वाटा २०३० पर्यंत ४५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. ते गाठले जाईल असे मला वाटत नाही, कारण रेल्वेच्या मालात जवळपास निम्मा कोळसा असतो, आणि शिरोलीतील फाउंड्रीला रोज नऊ टन माल तीन वेगवेगळ्या गावी पाठवायचा असतो, त्याला रेल्वेच्या रेकचा, म्हणजे अख्ख्या मालगाडीचा, काय उपयोग? किसान रेल्वे ऑगस्ट २०२० मध्ये देवळालीहून सुरू झाली, सांगोल्याची डाळिंबे बिहारपर्यंत पोहोचली, भाड्यात निम्मी सवलत होती तोवर उत्साह टिकला. (कोल्हापूर–वैभववाडी रेल्वेबद्दल इथे काही लिहीत नाही. तिच्यावर आमच्या दोन पिढ्यांनी पुरेसा चहा संपवला आहे.)

खरे संकट माणसांचे आहे. मामांचा मुलगा एका दुचाकीच्या शोरूममध्ये बापापेक्षा कमी पगारावर काम करतो आणि समाधानी आहे. ड्रायव्हर म्हटले की मुलीचे वडील चहा न घेता उठतात, हे मी स्वतः पाहिले आहे. ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकची केबिन वातानुकूलित असणे सक्तीचे झाले, या नियमाचे मी मनापासून स्वागत केले; परंतु गेटबाहेर तीस तासांहून जास्त उभ्या गाडीत एसी चालवायला लागणारे डिझेल कोणाच्या खात्यावर टाकायचे, हे त्या नियमात नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात (जो नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेत विलीन झाला) दिवसाला आठ तासांची मर्यादा होती. गेटवर वाया गेलेली रात्र भरून काढण्यासाठी पुढची रात्र जागून गाडी हाणणारा ड्रायव्हर त्या कायद्याच्या नजरेला कधी पडलाच नाही. जानेवारी २०२४ मध्ये अपघात करून पळून जाण्याच्या नव्या कलमाविरुद्ध देशभर ड्रायव्हरांनी चाके थांबवली, तेव्हा पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि दोन दिवस सगळ्यांना आमची आठवण झाली. ते कलम स्थगित राहिले. ड्रायव्हर झोपेअभावी का चुकतो, ही चर्चा मात्र त्या दोन दिवसांतही झाली नाही.

आपला लॉजिस्टिक्स खर्च, म्हणजे मालाची ने-आण आणि साठवण यांचा खर्च, जीडीपीच्या १३ ते १४ टक्के आहे, असे अनेक वर्षे सांगितले जात होते, आणि सप्टेंबर २०२२ च्या राष्ट्रीय धोरणाने तो एक आकडी करण्याचे ठरवले. पुढे नीट मोजदाद झाली तेव्हा २०२३-२४ साठी तो ७.९७ टक्के असल्याचे सरकारी अहवालात आले. जुना आकडा ढोबळ होता आणि नवा अधिक काळजीपूर्वक काढलेला आहे, हे मला मान्य आहे. पण ज्या वेळेचे बिलच कोणी फाडत नाही, ती वेळ कुठल्याही टक्केवारीत पुरती उतरत नाही, अशी माझी शंका आहे. आमची वाहतूक स्वस्त आहे, यात मामांची ती रात्रही धरलेली आहे.

उपाय फार अवघड आहे असे मला वाटत नाही. फास्टॅगला गाडी कुठल्या नाक्यावरून कधी गेली ते माहीत आहे, ई-वे बिलाला माल कधी निघाला ते माहीत आहे, आणि ही सगळी माहिती एकत्र जोडणारे 'युलिप' नावाचे व्यासपीठही २०२२ मध्ये सुरू झाले आहे. त्यात फक्त दोन नोंदींची भर हवी, गाडी गेटवर आल्याची वेळ आणि रिकामी होऊन सुटल्याची वेळ, आणि या दोन नोंदींतील फरक ठरावीक तासांपेक्षा जास्त झाला की भाड्याच्या बिलात रक्कम आपोआप चढावी. ती मागण्याची जबाबदारी एका गाडीच्या मालकावर टाकून चालणार नाही, कारण तो मागणारच नाही. विजेवर चालणारे ट्रक आले तर ही गरज वाढेल, कमी होणार नाही. त्या गाडीची किंमत एवढी आहे की, ती रोज दोन फेऱ्या मारील तरच परवडेल, आणि महिन्यातून तेरा दिवस उभी ठेवणे कोणत्याही अनुदानाने झेपणार नाही.

मी माझ्यापुरता एक प्रयोग करून पाहिला. एका जुन्या ग्राहकाच्या वार्षिक कराराचे नूतनीकरण होते, त्यात मी एक कलम घातले : गाडी गेटवर आल्यापासून बारा तास मोफत, त्यानंतर दर तासाला ठरावीक रक्कम. परवा करार सही होऊन परत आला. भाव मान्य, मुदत मान्य, इतर सर्व अटी जशाच्या तशा. त्या एका कलमावर पट्टी लावून सरळ रेघ मारलेली होती आणि बाजूला खरेदी विभागाची छोटी सही होती. मीही खाली सही केली, आणि काल रात्री त्यांच्याच मालाची गाडी निघाली. आज वहीत काय लिहायचे ते संध्याकाळी मामांचा फोन आला की कळेल.