पोरांचं तिथे काय काम?

मुलांना घेऊन आयुकात, म्हणजे पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत, जायचं ठरलं की आमच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी हमखास म्हणतं, "एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञांच्या जागी पोरांचं काय काम?" यंदाही म्हणाले. घंटा झाली आणि उत्तर द्यायचं राहून गेलं. ते इथे लिहितेय.

आयुका पुणे विद्यापीठाच्या आवारात 1988 साली सुरू झाली. यशपाल तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. एकट्या विद्यापीठाला झेपणार नाहीत अशा सोयी सगळ्यांनी मिळून वापरायच्या, ही मूळ कल्पना. जयंत नारळीकर मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) सोडून आले, उभारणीत सोबत नरेश दधिच आणि अजित केंभावी. इमारती वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांच्या. डिसेंबर 1992 मध्ये लोकार्पण झालं ते खुद्द नोबेलविजेते खगोलशास्त्रज्ञ एस. चंद्रशेखर यांच्या हस्ते.

पण मला या संस्थेचं मोठेपण दिसतं ते दुसऱ्या शनिवारी. त्या दिवशी शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं व्हायची, मराठी-हिंदीतूनही. उन्हाळ्याच्या सुट्टीत वरच्या वर्गांतली मुलं आठवडाभर एकेका शास्त्रज्ञाच्या हाताखाली यायची. अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही. जे केलं ते शेवटी आपल्या शब्दांत लिहून द्यायचं. नारळीकरांकडे कुणी स्वाक्षरी मागितली तर ते सांगायचे, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर सहीनिशी येईल. विश्वाच्या उत्पत्तीवर आयुष्य घालवलेला माणूस कुठल्यातरी गावातल्या मुलाच्या कार्डाला उत्तर लिहायला बसतो, हे मला आजही भरून आणतं.

पुढे या कामाला स्वतःचं घर मिळालं, मुक्तांगण विज्ञान शोधिका. (मुक्तांगण म्हटलं की अनेकांना व्यसनमुक्ती केंद्रच आठवतं. ते वेगळं, पण पु.लं. आणि सुनीताबाईंच्या देणगीचा हात दोन्हींमागे आहे.) शोधिकेच्या इमारतीचं नाव पुलस्त्य. सप्तर्षींमधला तारा, आणि नावातच 'पुल'. इतकं गोड नाव मी दुसऱ्या कुठल्या इमारतीचं ऐकलेलं नाही.

तिथे अरविंद गुप्ता दहा-अकरा वर्षं होते. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, आणि काम काय, तर टाकाऊतून खेळणी! त्यांची विजेची छोटी मोटार मी वर्गात दर वर्षी करून घेते. एक टॉर्चचा सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचं रबर, एक चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं. सगळी गंमत तारेवरचा इनॅमलचा थर खरवडण्यात आहे. एक टोक पूर्ण खरवडायचं, दुसरं तीनच बाजूंनी. चौथी बाजू घाईत खरवडली गेली की वेटोळं नुसतं थरथरतं, फिरत नाही. मग पोरं स्वतःच चूक शोधत बसतात. तो अर्धा तास मला धड्याच्या चार तासिकांहून मोलाचा वाटतो. या खेळण्यांचे व्हिडिओ त्यांनी कितीतरी भाषांत, मराठीतही, फुकट खुले केले. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

माझं म्हणणं एवढंच आहे, की हे काम संशोधनाच्या शेजारी, त्याच आवारात, त्याच माणसांच्या हातून व्हायला हवं. आपल्याकडे बहुतेक विद्यापीठांत 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, बॅनर लागतो, समोसे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेला कुलूप. प्राध्यापकांना दोष देववत नाही, कारण मुलांसोबत घालवलेल्या वेळेला बढतीच्या फाइलीत काय किंमत असते, ते सगळ्यांना ठाऊक आहे. ती किंमत द्या. प्रत्येक विद्यापीठात एक खोली, एक पूर्णवेळ माणूस आणि शाळांसाठी एक ठरलेला वार, एवढ्याने सुरुवात होते.

आणि पोरांचं तिथे काय काम, ते सांगते. यंदा आमची मुलं आयुकातल्या फूकोच्या लंबकापाशी उभी होती. पृथ्वी फिरते म्हणून याच्या झोक्याची दिशा हळूहळू बदलत जाते. एका तरुण संशोधकाने सांगितलं, पुण्यात याच्या झोक्याची दिशा पूर्ण फिरायला सुमारे 75 तास लागतात, ध्रुवावर एक दिवस पुरतो. सातवीतली एक मुलगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी, म्हणाली, "सर, मग विषुववृत्तावर किती?"

त्याने उत्तर दिलं नाही. फरशीवर बसकण मारली, खिशातून खडू काढला, एक मोठा गोल काढला आणि खडू तिच्या हातात दिला. बाकीची पोरं भोवती गोळा झाली. आमची बस त्या दिवशी पाऊण तास उशिरा सुटली.