बेनामी कायदा रद्द झालेला नाही, नोटीस कपाटात टाकू नका

‘सुप्रीम कोर्टाने 2022 मध्येच बेनामी कायदा रद्द केला. 2016 आधीच्या खरेदीला आता कोणी हात लावू शकत नाही. बायकोच्या नावावरचं घर मात्र बेनामीच. नोटीस आली तर उत्तर देऊ नका, सरळ हायकोर्टात जा.’ जमीनखरेदीच्या ग्रुपांवर फिरणाऱ्या या मेसेजवर विसंबून लोक मुदत घालवून बसतात, म्हणून हे उत्तर. बेनामी म्हणजे पैसा एकाचा आणि मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर.

2022 चा निकाल खरा आहे. 23 ऑगस्टला गणपती डीलकॉम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1988 च्या मूळ कायद्यातलं शिक्षेचं कलम 3(2) आणि जप्तीचं कलम 5 घटनाबाह्य ठरवलं. 2016 ची दुरुस्ती जुन्या व्यवहारांना लावता येणार नाही, असंही म्हटलं. पूर्ण कायदा तेव्हाही रद्द झाला नव्हता. मेसेजमध्ये पुढची गोष्टच नाही: 18 ऑक्टोबर 2024 ला तत्कालीन सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने हा निकाल मागे घेतला. मूळ कलमांच्या वैधतेवर कोर्टापुढे युक्तिवादच झाला नव्हता, हे त्याचं कारण. अपील नव्याने ऐकायचं ठरलं. त्यामुळे 2022 च्या निकालाची झेरॉक्स जोडून आता सुटका नाही.

बायकोच्या नावावरचं घर? पैसा ज्ञात उत्पन्नातून आलेला असेल तर कायद्याच्या व्याख्येतच सूट आहे, मुलांनाही. भावाबहिणींच्या बाबतीत मात्र एखाद्या दस्तऐवजात सहमालक म्हणून तुमचंही नाव हवं. गोची होते ती इथे.

सरळ हायकोर्टात जाता येतं, पण वैधानिक मार्ग शिल्लक असताना उच्च न्यायालयं बहुधा तिकडेच परत पाठवतात. आधी नोटिशीला उत्तर, मग मालमत्ता बेनामी आहे का हे ठरवणारं न्यायनिर्णय प्राधिकरण, 45 दिवसांत अपील न्यायाधिकरण, आणि त्यानंतर कायद्याच्या मुद्द्यावर उच्च न्यायालय. मालमत्तेवर आलेली टाच तात्पुरती असते. मालमत्ता विकता येत नाही, पण ती सरकारजमा होते ती प्राधिकरणाच्या आदेशानंतरच.

खरी लढाई पुराव्याची. व्यवहार बेनामी आहे हे तसं म्हणणाऱ्याने सिद्ध करायचं आणि संशय म्हणजे पुरावा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 1973 च्या जयदयाल पोद्दार निकालात स्पष्ट आहे. पैसा कोणाचा, ताबा कोणाकडे, मूळ खरेदीखत कोणाच्या घरात, हे तिथे पाहिलं जातं. शहरातल्या बिगरशेतकऱ्याने गावातल्या शेतकऱ्याच्या नावावर जमीन घेतली, पैसे स्वतःच्या खात्यातून दिले आणि खरेदीखतही स्वतःजवळ ठेवलं, तर सातबारा त्याला वाचवणार नाही. उलट शेतकऱ्याने जमीन नाकारली तर ‘माझी आहे’ म्हणून दावा लावायलाही कलम 4 आड येतं. पैसे खरोखर त्या शेतकऱ्यानेच दिले असतील, तर नोटिशीच्या उत्तरासोबत त्याचं पासबुक जोडा, तेही दिलेल्या मुदतीत.