सोलरचा भाव विचारण्याआधी बिल वाचा आणि गच्चीवर जा

‘किलोवॅटला किती घेता?’ सोलर बसवायचं ठरलं की घरोघरी पहिला प्रश्न हाच असतो. तीन व्हेंडरकडून तीन आकडे येतात, सगळ्यात स्वस्तवाल्याला काम मिळतं आणि दुसऱ्या पावसाळ्यात गच्ची गळायला लागते किंवा बिल काही केल्या उतरत नाही. माझं ठाम मत आहे की भाव सगळ्यात शेवटी विचारावा. आधी बिल वाचा, मग गच्ची मोजा, मग व्हेंडर तपासा. तिन्ही गोष्टी घरमालकाला स्वतः करता येतात.

महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचा आलेख छापलेला असतो. बारा महिन्यांची बेरीज करून बाराने भागा. महाराष्ट्रात एक किलोवॅट सोलर वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटच्या आसपास देतं, म्हणजे महिन्याला साधारण 120. सरासरी वापर 240 युनिट असेल तर दोन किलोवॅट पुरतं, 350 असेल तर तीन. एकट्या मे महिन्याच्या बिलावरून सिस्टीम ठरवू नका, पंखे-कूलर-एसीमुळे ते फुगलेलं असतं. ‘गच्ची मोठी आहे, पाच बसवून टाका’ असा आग्रह झाला तर हिशेब मागा. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे जादा वीज महावितरणला देऊन ती बिलातून वजा करण्याच्या पद्धतीत, जादा युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, पण मार्चअखेर जे उरतात त्यांचा मोबदला आपण वीज विकत घेतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. एप्रिल-मेमध्ये साठलेले युनिट जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत खपावेत, एवढाच साठा हवा.

वीजदराचे स्लॅब, म्हणजे टप्पेही बघा. 100 युनिटपर्यंतचा दर कमी आहे, 101 पासून तो जवळपास दुप्पट होतो. त्यामुळे खरी बचत वरच्या स्लॅबवाल्यांची. वापर शंभराच्या आतच असेल तर एक किलोवॅटच्या वर जाऊ नका. अशा घरांसाठी केंद्राच्या अनुदानाबरोबर राज्याच्या ‘स्मार्ट’ योजनेचीही चौकशी करा. ‘बिल शून्य होईल’ हे वाक्य कुणी ऐकवलं तर लक्षात ठेवा, स्थिर आकार द्यावाच लागतो.

आता गच्ची. एका किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट मोकळी जागा लागते. मोकळी म्हणजे सावली नसलेली, आणि इथेच सर्वेक्षणात सगळ्यात जास्त फसगत होते. मेच्या मध्यावर पुण्या-मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो. त्या सुमारास दुपारी गच्चीवर उभं राहिलं तर टाकीची, जिन्यावरच्या खोलीची, शेजारच्या इमारतीची सावली दिसतच नाही. डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे झुकतो आणि चित्र बदलतं. पुण्याच्या अक्षांशावर पॅनेलच्या पातळीपेक्षा पाच फूट उंच टाकी असेल तर डिसेंबरअखेर दुपारी साडेबाराला तिची सावली उत्तरेकडे साडेचार फूट पडते आणि सकाळी साडेनऊला वायव्येकडे नऊ फुटांहून थोडी जास्त. म्हणजे सकाळच्या वेळेसाठी उंचीच्या जवळजवळ दोन पट अंतर मोकळं सोडावं लागतं. कठड्यालाही हाच नियम. पॅनेल एकमेकांना सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक जोडलेले असतात, म्हणून एका पॅनेलच्या कोपऱ्यावरची सावलीसुद्धा महागात पडते. सावलीतल्या भागाला वळसा देऊन वीज पुढे नेणारे बायपास डायोड असतात, त्यामुळे सगळी रांग बंद पडत नाही, पण त्या पॅनेलचा एक तृतीयांश भाग सहज कामातून जातो. जो व्हेंडर गच्चीवर न येता व्हॉट्सअॅपवरच्या फोटोवरून कोटेशन पाठवतो, त्याला नम्रपणे नाही म्हणा.

पॅनेलचं तोंड दक्षिणेला आणि तिरपेपणा 15 ते 20 अंश, हे आपल्याकडे चांगलं जमतं. विदर्भात ऊन जास्त, पण उष्णता पॅनेलला मानवत नाही. पॅनेलवर लिहिलेली क्षमता 25 अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली असते. एप्रिलच्या दुपारी पॅनेल 65 अंशांवर गेलं की अंशाला साधारण 0.35 टक्के या हिशेबाने 14 टक्के उत्पादन कमी होतं. उत्पादन दाखवणाऱ्या अॅपवर तीन किलोवॅटऐवजी अडीच दिसले म्हणून माल बनावट ठरवू नका.

गच्ची गळण्याचं कारण मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण त्याची दुरुस्ती सगळ्यात खर्चिक असते. आपल्याकडच्या बहुतेक गच्च्यांवर स्लॅबच्या वर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, त्यावर चायना मोझॅक किंवा सिमेंटचा थर. घाईत काम करणारा माणूस यात ड्रिल मारून अँकर बोल्ट ठोकतो. बोल्ट कोब्यातच अडकतो, खालच्या आरसीसीपर्यंत पोचत नाही. वाऱ्याने स्ट्रक्चर हललं की भोक रुंदावतं, पाणी कोब्यात शिरतं आणि तिथून वाट काढत भलत्याच खोलीच्या छतावर डाग उमटतो. तेव्हा सोलरवाला म्हणतो स्लॅबच जुना होता. म्हणून दोनच मार्ग मान्य करा. पायांखाली काँक्रीटचे पुरेसे जड ठोकळे, त्यांच्या बुडाशी वॉटरप्रूफिंगचा थर, किंवा कोबा तेवढाच कापून आरसीसीमध्ये केमिकल अँकर, म्हणजे रसायनाने पक्का चिकटवलेला बोल्ट, आणि वरून वॉटरप्रूफिंग पूर्ववत. यातलं काय करणार हे कोटेशनमध्ये लिहून घ्या.

खाली कपडे वाळवता यावेत म्हणून हल्ली सात-आठ फूट उंच स्ट्रक्चर मागतात. सोय चांगली आहे, पण ते शिडासारखं वारा धरतं. जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीत छपरांचं काय केलं ते कोकणातल्या कुणालाही विचारा. उंच स्ट्रक्चरला तिरपे ब्रेसिंग आणि वाऱ्याच्या भाराचा हिशेब हवाच. लोखंड हॉट डिप गॅल्वनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं असावं, सरासरी 80 मायक्रॉनचा थर, जोड स्टेनलेस नट-बोल्टचे. गच्चीवर वेल्डिंग मशीन येताना दिसलं तर काम थांबवा. वेल्डिंगने जस्ताचा थर जळतो आणि वरून मारलेला चंदेरी रंग खाऱ्या हवेत दोन-तीन वर्षंही टिकत नाही.

वायरिंगमध्ये तपासायच्या गोष्टी थोड्या पण महत्त्वाच्या. डीसी बाजूला, म्हणजे पॅनेलपासून त्यांची वीज घरच्या एसी विजेत बदलणाऱ्या इन्व्हर्टरपर्यंत, चार चौरस मिलिमीटरची सोलर केबल, साधी घरगुती वायर नव्हे. पॅनेलच्या केबल जोडणारे एमसी4 कनेक्टर दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे, कारण वेगवेगळे जोडले की पकड सैल राहते, जोड तापतो आणि वितळतो. अर्थिंगचे खड्डे तीन: डीसी व स्ट्रक्चरसाठी एक, एसीसाठी एक आणि आकाशातून पडणाऱ्या विजेच्या वीजरोधकासाठी वेगळा. इन्व्हर्टर सावलीत. आणि साधा ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनवर चालणारा इन्व्हर्टर लाइट गेली की बंद होतो, भर उन्हातसुद्धा. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव वाचावा म्हणून तो तसाच बनवलेला असतो. लोडशेडिंगमध्ये वीज हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि बॅटरीच्या खर्चाला अनुदान नाही.

गावाकडे आणखी एक त्रास होतो. घर ट्रान्सफॉर्मरपासून लांब, सर्व्हिस वायर बारीक, दुपारी लाइनवर भार कमी. सोलरची वीज बाहेर ढकलताना घरातला व्होल्टेज 250 च्या पुढे चढतो आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो, तेही नेमका सगळ्यात जास्त उन्हाच्या वेळी. काम ठरवण्याआधी मल्टिमीटरने दुपारचा व्होल्टेज मोजून घ्या. तो आधीच 240-245 असेल तर इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंत जाड केबल टाकायला सांगा आणि महावितरणकडे तक्रार आधी नोंदवा.

व्हेंडर कसा निवडायचा? पीएम सूर्यघर या केंद्राच्या अनुदान योजनेच्या पोर्टलवर नाव असणं अनुदानासाठी गरजेचं आहे, पण ती नोंदणी आहे, कामाच्या दर्जाची हमी तिथे मिळत नाही. निदान दोन पावसाळे काढलेल्या दोन घरांचे पत्ते मागा आणि प्रत्यक्ष जा. स्ट्रक्चरच्या जोडांवर गंज पाहा, वरच्या मजल्यावरच्या छताला ओल आहे का विचारा. मग इन्व्हर्टरच्या अॅपवर एप्रिल आणि जुलै दोन्ही महिन्यांचं उत्पादन उघडायला सांगा आणि किलोवॅटने भागा. एप्रिलमध्ये किलोवॅटमागे 120 सुद्धा निघत नसतील तर सावली, धूळ किंवा जोडणी यांत काहीतरी चुकलंय. जुलैचा आकडा निम्म्यावर असला तर घाबरू नका, पावसाळा तसाच असतो.

पैशांचा हिशेब सरळ आहे. केंद्राचं अनुदान दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला 30,000, तिसऱ्याला 18,000, म्हणजे तीन किंवा त्याहून जास्तीला एकूण 78,000. चौथ्या-पाचव्या किलोवॅटला काही नाही. हे पैसे काम पूर्ण झाल्यावर तुमच्या खात्यात येतात, म्हणून कोटेशन पूर्ण किमतीचं मागा, ‘अनुदान वजा जाता’ असं नको. 22 सप्टेंबर 2025 पासून सोलर साहित्यावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. साहित्य 70 आणि सेवा 30 टक्के या विभागणीने एकूण कर 13.8 वरून 8.9 टक्क्यांवर येतो. अजून जुना कर लावणारं कोटेशन परत पाठवा. अनुदानासाठी पॅनेल डीसीआर, म्हणजे सेलसकट भारतात बनलेले असावे लागतात. माल उतरला की प्रत्येक पॅनेलचा सिरीयल नंबर डीसीआर प्रमाणपत्राशी जुळवा. एक जरी जुळला नाही तरी ते पॅनेल वर चढवू देऊ नका.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा नावामुळे. कनेक्शन अजून वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर, आधार आणि बँक खातं मुलाचं. महावितरणकडे नावबदल आधी करा, मग पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाका. बिलावरचा मंजूर भारही पाहून घ्या, सोलरची क्षमता त्यापेक्षा जास्त असेल तर भार वाढवावा लागतो. सोसायटीत राहणाऱ्यांनी गच्ची सामाईक आहे हे धरूनच चालावं, सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल. मला विचाराल तर तिथे लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांच्या सामाईक मीटरवर सोलर घेणं सगळ्यात शहाणपणाचं. त्याला किलोवॅटला 18,000 अनुदान आहे आणि भांडणं कमी होतात.

रक्कम टप्प्याटप्प्याने द्या आणि निदान दहा टक्के नेट मीटर बसेपर्यंत हातात ठेवा. मीटर बसण्याआधी ‘चालू करून बघू’ म्हणून सिस्टीम सुरू करू देऊ नका. अनेक साधे मीटर बाहेर गेलेले युनिटही वापर म्हणूनच मोजतात आणि महिनाअखेर बिल वाढून येतं. शेवटचा चेक देण्याआधी अॅपचं मुख्य लॉगिन तुमच्या मोबाइल नंबरवर करून घ्या, पॅनेल आणि इन्व्हर्टरची वॉरंटी कार्डं, वायरिंगचा नकाशा आणि पाच वर्षांच्या देखभालीचा करार ताब्यात घ्या. पॅनेल पंधरा दिवसांनी सकाळी लवकर धुवा, मऊ ब्रशने, साबण न लावता. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर पिण्याचं वापरा, नाहीतर काचेवर पांढरे डाग बसतात आणि ते घासून जात नाहीत.