‘बाहेरच्या रेपो जोडल्या, काही बिघडलं नाही’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या स्टेबल (स्थिर) आवृत्तीतली पॅकेजं, म्हणजे बसवायची सॉफ्टवेअरं, जुनी असतात, तुम्ही सात-आठ बाहेरच्या रेपॉझिटरी (रेपो, म्हणजे पॅकेजांची ऑनलाइन कोठारं) जोडूनही काही बिघडलं नाही, आणि मी नवख्यांना उगाच घाबरवतो, असं तुमचं म्हणणं आहे.

जुनेपणाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. डेबियन १२ जून २०२३ मध्ये आलं, १३ थेट ऑगस्ट २०२५ मध्ये. मधल्या काळात सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात, पण आवृत्त्या सहसा जिथल्या तिथेच राहतात. ज्याला नवा डेटाबेस हवा, त्याची अडचण खरी आहे. माझा आक्षेप आहे तो जोडण्याच्या पद्धतीवर: कुठलीतरी एक ओळ कॉपी करायची, सुडो (प्रशासकाचा अधिकार) लावून टर्मिनलमध्ये चिकटवायची, की झालं.

तुम्हाला हवं असतं एकच पॅकेज, पण ती अख्खी रेपो डेबियनच्या बरोबरीला येऊन बसते. दोघींचा अग्रक्रम ५००. अग्रक्रम सारखा असला की एपीटी, म्हणजे डेबियनचं पॅकेजं बसवणारं साधन, वरची आवृत्ती उचलतं. उद्या त्या रेपोवाल्यांनी स्वतःच्या सोयीसाठी ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या पॅकेजाची वरच्या आकड्याची आवृत्ती तिथे ठेवली, तर पुढच्या अपग्रेडमध्ये ती तुमच्या मशीनवर येते. मग डेबियनने सुरक्षेची दुरुस्ती दिली तरी तिचा आकडा खालचा ठरतो आणि ती लागतच नाही. स्क्रीनवर एकही एरर येत नाही. म्हणूनच ‘काही बिघडलं नाही’ हा पुरावा मला पुरेसा वाटत नाही. शिवाय पॅकेज बसताना त्यातल्या स्क्रिप्ट रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालतात. म्हणजे तो अधिकार आपण रेपोवाल्यांना देतो, आणि त्यांचा सर्व्हर व सही करायची किल्ली उद्या ज्याच्या हाती पडेल त्यालाही.

‘सही तपासली जाते ना?’ असं तुम्ही विचारलंय. जाते, आणि ती रचना मला मनापासून आवडते. रेपोच्या इनरिलीज फाइलवर सही, तिच्यात पॅकेजेस (पॅकेजांची यादी) फाइलचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, आणि त्या फाइलमध्ये प्रत्येक डेब फाइलचा, म्हणजे प्रत्यक्ष पॅकेजाचा, हॅश. मिररवर (रेपोची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवर) कुणी डेबमध्ये फेरफार केला तर लगेच पकडला जातो. पण तुम्ही दिलेली एपीटी-कीची कमांड (ती डेबियन १२ पर्यंतच होती) रेपोची सही तपासायच्या जीपीजी किल्लीला सरसकट विश्वासू ठरवते. ज्या ज्या रेपोला साइन्ड-बाय (कोणती किल्ली चालेल ते सांगणारी नोंद) लावलेलं नाही, त्या सगळ्यांसाठी ती चालते.

त्यापेक्षा किल्ली एपीटीच्या कीरिंग्ज डिरेक्टरीत ठेवा आणि त्या रेपोच्या सोर्सेस फाइलमध्ये साइन्ड-बायसमोर तिचा पाथ द्या. मग एपीटीच्या प्रेफरन्सेस (अग्रक्रम ठरवणाऱ्या) फाइलमध्ये त्या रेपोच्या सगळ्या पॅकेजांना १०० आणि हव्या त्या पॅकेजाला ५०० अग्रक्रम द्या. एवढ्याने ओपनएसएसएलचा वरचा प्रसंग टळतो. आणि हे सगळं करण्याआधी बॅकपोर्ट्स, म्हणजे स्टेबलसाठी नव्या आवृत्त्या देणाऱ्या रेपोमध्ये बघाच. ती डेबियनचीच आहे, आणि तिचा अग्रक्रम मुळातच १०० असतो.

तुमच्या मशीनवर एपीटी पॉलिसी ओपनएसएसएल चालवून बघा. बसवलेल्या आवृत्तीपुढे तीन तारका असतात. तिच्याखाली डेबियनऐवजी दुसऱ्याच रेपोचा पत्ता दिसला, तर पुढच्या रिलीजवर जाण्याची घाई करू नका. मागच्या आवृत्तीवर परतायला अग्रक्रम १००० किंवा त्याहून वर न्यावा लागतो, आणि सोबत कोणती पॅकेजं हलतील ते आधी तपासावं लागतं. आउटपुट इथेच टाका, आपण मिळून बघू.