परदेशी कंपन्यांचे सल्लागार होऊ इच्छिणाऱ्या सांगलीकरांस

आपण सांगलीत राहता, इंग्रजी बऱ्यापैकी बोलता आणि चुलत्यांच्या अडत दुकानात हळदीच्या हिशेबपट्ट्या लिहिण्यातच आपला जन्म जाणार, अशी धास्ती आपल्याला वाटत असेल, तर भारतीय बाजारपेठेत उतरू पाहणाऱ्या परदेशी कंपन्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय आपण अवश्य पत्करावा. त्याला भांडवल लागत नाही, गोदाम लागत नाही आणि माल भिजला तर तो नेहमी दुसऱ्याचाच असतो.

सर्वप्रथम पत्ता बदलावा. राहण्यास विश्रामबाग उत्तम, परंतु कार्डावर पुण्याचा किंवा मुंबईचा पत्ता असावा, कारण सांगलीची माहिती सांगलीतल्या माणसाने सांगितली तर तिला गप्पा म्हणतात आणि गप्पांचे बिल करता येत नाही. माहिती मात्र मार्केट यार्डातूनच आणावी. सौदे आटोपल्यावर एखाद्या जुन्या अडत्याबरोबर चहा घेतला, की राजापुरी हळदीचा दर का पडला, कोणत्या व्यापाऱ्याचे पैसे वेळेवर येतात आणि कोणाच्या उधारीला अंत नाही, हे सारे तो विनामूल्य सांगतो. त्यातली नावे गाळावीत, बाण आणि वर्तुळे घालावीत आणि अहवाल डॉलरमध्ये विकावा. चहाचे पैसे अडत्यासच देऊ द्यावेत. त्याला त्यात आनंद वाटतो.

घरोघर ठाऊक असलेली गोष्ट विकण्यात काही गैर नाही, फक्त ती नवी आहे असा दावा करू नये. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगाचे पेटंट अमेरिकेत १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले होते आणि आपल्या सीएसआयआरने, म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, जुने दाखले पुढे ठेवल्यावर १९९७ साली ते रद्द झाले. त्या संशोधकांनी शोधाऐवजी ‘स्थानिक ग्राहकवर्तनाचे निरीक्षण’ एवढेच म्हटले असते, तर त्यांची फी बुडाली नसती.

ग्राहक कंपनीच्या साहेबांना किराणा दुकानदाराशी एकट्याने बोलू देणे ही या व्यवसायातील सर्वांत मोठी चूक होय. केलॉग्ज ही अमेरिकी कंपनी १९९४ मध्ये आपला मका, म्हणजे कॉर्नफ्लेक्स, घेऊन भारतात आली, तेव्हा कुरकुरीतपणाची जाहिरात झाली. पण इथल्या घरांत सकाळी दूध तापवून, गरम गरम घेण्याची पद्धत असल्यामुळे वाडग्यात त्या कुरकुरीतपणाचा लगदा झाला. गणपती पेठेतल्या कोणत्याही दुकानदाराने ही अडचण पुडी बांधता बांधता सांगितली असती. पुडी बांधता बांधता मिळणाऱ्या उत्तरासाठी कोणी आपल्याला विमानाचे भाडे देईल काय, याचा आपणच विचार करावा.

कायद्याच्या बाजूने शासनाने आपली उत्तम सोय केली आहे. परदेशी कंपनीला आरंभी ‘संपर्क कार्यालय’ काढण्याचा आग्रह करावा, कारण या कार्यालयास भारतात एक रुपयाही कमावण्याची मनाई असते आणि त्याचा सारा खर्च परदेशातील मुख्य कार्यालयाने पाठवलेल्या पैशांतून भागवावा लागतो. कमाईच नसल्याने ती का झाली नाही, असे कोणी विचारत नाही. पुढे रीतसर कंपनी स्थापण्याची वेळ आलीच, तर कंपनी कायदा २०१३ अन्वये किमान एक संचालक आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहणारा असावा लागतो. येथे आपले निवृत्त मामा उपयोगी पडतात, कारण ते वर्षाचे ३६५ दिवस मिरजेतच असतात. संचालकपदासोबत कायदेशीर जबाबदारीही येते, याची कल्पना मामांना देण्याची घाई करू नये. समभागवाटप झाल्यावर ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेकडे एफसी-जीपीआर नावाचे परदेशी गुंतवणुकीचे विवरण भरायचे असते. ते काम चार्टर्ड अकाउंटंट करतो, आपण त्याचा ईमेल वर ‘कृपया पाहावे’ असे लिहून पुढे पाठवावा आणि त्याचे स्वतंत्र शुल्क लावावे.

गोदामाची जागा निवडताना उपग्रहाच्या नकाशाचा आधार घ्यावा. नदीकाठची सपाट, स्वस्त आणि शहरालगतची जमीन त्यात फारच मोहक दिसते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, हे सांगलीतल्या शाळकरी मुलासही पाठ आहे. शेजारच्या हरिपूरकरांना तर २००५ च्या पुराने आपल्या हळद साठवण्याच्या जमिनीखालच्या पेवांचे काय केले, हेही आठवते. परंतु शाळकरी मुलगा आणि हरिपूरकर हे अहवालाचे मान्यताप्राप्त स्रोत नव्हेत. त्यांना विचारल्यास भाडे वाचेल, गोदाम वाचेल आणि आपले पुढचे काम मात्र जाईल.

पुढचे काम म्हणजे माघारीचा सल्ला. काही वर्षांनी कंपनीला हा देश आकलनापलीकडचा आहे असे वाटू लागते आणि कारभार गुंडाळण्यासाठी ती पुन्हा आपल्याकडेच येते, कारण तिची सारी कागदपत्रे आणि मामा दोन्ही आपल्याच ताब्यात असतात. या वेळी नवा अहवाल लिहिण्याचे कष्ट घेऊ नयेत. पहिल्या अहवालातील ‘संधी’ हे प्रकरण उचलून ‘अडचणी’ या मथळ्याखाली ठेवावे. विविध भाषा, असंख्य लहान दुकाने, भावाबाबत चोखंदळ ग्राहक, सर्व मजकूर काना-मात्रा न बदलता चालतो. फी मात्र संपूर्ण आगाऊ घ्यावी, कारण निघालेला पाहुणा दारातून उलट फिरून बिल देत नाही.