चार पानं

यंदा १७ मेला अधिक ज्येष्ठ लागणार, ही बातमी आमच्या दोन्हीकडच्या नातेवाइकांनी बहुधा एकाच संध्याकाळी कालनिर्णयात वाचली. अधिकात शुभकार्यं करत नाहीत. अधिकात फक्त जावयाला वाण देतात, आणि ते तेहतीस अनारसे संपेपर्यंत निज ज्येष्ठ उजाडतो. तेव्हा जे काय उरकायचं ते त्याच्या आत. अक्षय्य तृतीया धरून रविवार मिळाले चार. त्यांत दोन लग्नं, एक साखरपुडा, विरारला वास्तुशांत, डोंबिवलीला डोहाळजेवण आणि साडूंची साठी.

आम्ही परळला राहतो. परळ मध्यवर्ती आहे, असं आमच्याकडे कधीही न आलेल्या सगळ्यांचं मत आहे. "तुम्हाला काय, गाडीत बसलं की आलंच!" गाडी मात्र रविवारी येत नाही. माटुंगा ते मुलुंड मेगाब्लॉक ही उद्घोषणा मला मंगलाष्टकांपेक्षा चांगली पाठ आहे. फलाटावर ही पैठणीत उभी, अंगावर मी मोजलेल्या अकरा सेफ्टी पिना. बाराव्या पिनेचा शोध मला डोंबिवलीच्या गर्दीत दंडाने लागला.

खरं तर आम्ही दोघांनी फेब्रुवारीतच ठरवलं होतं, की या उन्हाळ्यात दर आठवड्याला कुठेतरी जायचं. सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. फक्त दोघं. यादी फ्रिजवर लावली होती. तिच्यावर आता चार पत्रिका चिकटल्या होत्या, त्यांतल्या तिघींवर 'कृपया आहेर आणू नये'. (चौथीवर काहीच नव्हतं, म्हणजे आणायचा.)

त्यात हिच्या चुलतभावाच्या मुलाची मुंज ठाण्याला निघाली, तीही सोमवारी. चुलतभावाचा दोनदा फोन आला, "तुमची पानं धरतोय हं, केटरर पानावर पैसे घेतो." आम्ही दोन्ही वेळा "धर, धर" म्हटलं. रविवारी रात्री साठीहून परतल्यावर ही पलंगावर बसून एकेक पिन काढत होती. सहाव्या पिनेला थांबली आणि म्हणाली, "अहो, उद्या तुमचं ऑडिट आहे ना?"

मी सोळा वर्षांत ऑडिट पाहिलेलं नाही. "आहे तर," मी म्हटलं.

सोमवारी नऊ वाजता आम्ही गेटवेला. घारापुरीची लाँच, समुद्राचा वारा, वर १२० पायऱ्या, पुढ्यात त्रिमूर्ती. तिकिटाच्या खिडकीशी कळलं, लेणी सोमवारी बंद.

"मग बोरिवलीचं उद्यान?" ही म्हणाली.

तेही सोमवारी बंद. सरकारला बहुधा ठाऊक असावं, की सोमवारी हिंडणारा माणूस कुणाला तरी फसवून आलेला असतो. उरली राणीची बाग. तिची सुट्टी बुधवारी.

बागेत शाळेच्या सुट्टीची गर्दी होती. घामाने भिजून पेंग्विनच्या दालनात शिरलो आणि गारव्याने जीव परत आला. २०१६ साली कोरियाहून आणलेले हे हम्बोल्ट पेंग्विन. मूळचे पेरू-चिलीकडचे, पण वातानुकूलन असलं की मुंबई कुणालाही मानवते. एक जण रुसलेल्या वरपित्यासारखा आमच्याकडे पाठ करून उभा होता. त्याने वळावं म्हणून मी काचेवर वाकलो, तर काचेत माझ्या खांद्यामागे एक ओळखीची टोपी दिसली.

हिचे धाकटे काका. मागे काकू.

काकांच्या गुडघ्यांमुळे त्यांना ठाण्याला जाणं जमत नव्हतं. हे त्यांनी शनिवारी आम्हालाच फोनवर सांगितलं होतं, विव्हळून.

"ऑडिट लवकर संपलं वाटतं?" काका म्हणाले.

"गुडघे कसे आहेत?" मी म्हटलं.

पुढे काही क्षण सगळ्यांनी पेंग्विनकडे फार बारकाईने पाहिलं. तेवढ्यात रखवालदाराने "चला, पुढे चला" केलं, आणि काका माझ्यापेक्षा झपाझप पुढे गेले. बाहेर गोरखचिंचेच्या सावलीत काकूंनी पिशवीतून लिमलेटच्या गोळ्या काढल्या. चौघांनी एकेक तोंडात टाकली. शपथ वगैरे कुणी घेतली नाही, पण गोळी त्याच बेताने चघळली. मग काका सासरच्या, माहेरच्या, सगळ्यांच्या कार्यांबद्दल जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढी मोकळी, मजेची दुपार त्या महिन्यात दुसरी गेली नाही. निघताना काकूंनी सगळ्यांचा एक फोटो काढून घेतला.

भायखळा स्टेशनात शिरत होतो तेवढ्यात फोन वाजला. काकूंनी फोटो, सवयीने, घरच्या ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'निवांत क्षण', आणि एक पेंग्विन.

दोन मिनिटांनी थोरल्या काकूंचं उत्तर आलं, "छान आलाय. बटूची भिक्षावळ झाली. चार पानं वाया गेली."